एका बोटाने दाखवता येतं, ते दुखणं

पत्र:

ताई, नमस्कार. वय 44, नागपुरात बँकेत नोकरी. सहा वर्षांपासून धावतो. आठवड्याचे 35-40 किलोमीटर होतात, बहुतेक फुटाळा ते सेमिनरी हिल्स. उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता. आमच्या ग्रुपमधले एक सीनियर म्हणाले, हा सगळा जाड सोलच्या जोड्यांचा परिणाम आहे, देवानं माणसाला सोल लावून पाठवलं नाही. म्हणून हातमोज्यासारखी पाच बोटं असलेला तो पातळ सोलचा जोडा मागवला आणि जुने जोडे बांधून माळ्यावर टाकले. पहिले दोन आठवडे दोन-तीन किलोमीटर. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, मग सुटल्या. गुडघा एकदम मस्त! तिसऱ्या आठवड्यात सहा-आठ, चौथ्यात दहा, पाचव्या रविवारी सोळा. त्या दिवशी शेवटच्या तीन किलोमीटरला उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी पाऊल सुजलं. चौथ्या दिवशी एक्स-रे काढला. हाड ठीक आहे, मुरगळलं असेल म्हणाले. क्रेप बँडेज आणि गोळ्या दिल्या. दहा दिवस आराम केला, दुखणं गेलं. परत पाच किलोमीटरला निघालो तर दुसऱ्याच किलोमीटरला तिथंच कळ. आता साडेतीन आठवडे झाले. ग्रुपवाले म्हणतात, "काही होत नाही भाऊ, पाय तयार होऊन राहिला." बायको म्हणते धावणंच सोडा. जानेवारीत हाफ मॅरेथॉनची नोंदणी झालेली आहे. एक्स-रे साफ असताना दुखतं कसं? दुखणं सहन करून थोडं थोडं धावू का? आणि जोडा फेकून देऊ का?

– एक धावणारा, त्रिमूर्तीनगर

उत्तर:

भाऊ, पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. खुर्चीवर बसा, उजवं पाऊल डाव्या गुडघ्यावर घ्या आणि तर्जनीच्या टोकानं पावलाची वरची बाजू चाचपत जा. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळापासून सुरुवात करा आणि घोट्याच्या दिशेनं बोटाच्या पेराएवढं सरकत, प्रत्येक ठिकाणी हाडावर दाब द्या. मग तिसऱ्या बोटाची रेघ, मग चौथ्या. सगळीकडे सारखंच दुखत असेल तर गोष्ट वेगळी. पण एकाच जागी, पावलीचं नाणं ठेवलं तर झाकली जाईल एवढ्याशा जागी, "आई गं" निघालं, तर ती जागा पेनानं गोल करून ठेवा. आता दोन्ही पावलांची बोटं वर उचला. डाव्या पावलावर शिरांसारख्या दोऱ्या ताणलेल्या दिसतील. उजव्यावर त्या सुजेत बुडालेल्या असतील, तर ते गोल केलेलं पाऊल घेऊन याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे जा. एका पायावर उडी मारून खात्री करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. चीर अर्धवट असेल तर त्या उडीनं पूर्ण व्हायची.

पत्रावरून निदान करायचं नसतं हे मला कळतं. पण धंतोलीत वीस-बावीस वर्षं पेशंटचे पाय हातात घेऊन बसल्यावर काही पत्रं वाचतानाच बोट त्या जागेवर जातं. मुरगळीचं दुखणं पसरट असतं. पेशंट पूर्ण तळहात फिरवून दाखवतो, "इथं सगळं". टाचेच्या पडद्याचं दुखणं सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की पहिल्या पावलाला जीव काढतं आणि चाललं की उतरतं. तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मधली नस दबली तर आग होते, मुंग्या येतात, जोड्यात खडा शिरल्यासारखं वाटतं. तुमचं यातलं काहीच नाही. आरामात दुखणं जातं, धावलं की त्याच जागी परत येतं, आणि दरवेळी आधीपेक्षा लवकर येतं. हे हाड बोलतंय. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ठेच-आपट न लागता नुसत्या वारंवार भारानं हाडाला गेलेली बारीक चीर, असा माझा दाट संशय आहे. आणि तो खोटा ठरेपर्यंत धावणं बंद. "थोडं थोडं"सुद्धा बंद.

आता एक्स-रेचं. चौथ्या दिवशीचा एक्स-रे साफ येणं यात नवल काहीच नाही, बहुतेकांचा साफच येतो. केसाएवढी चीर त्यात दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी हाड स्वतःला सांधायला लागतं, चिरेभोवती नव्या हाडाची गाठ धरते, आणि ती पांढुरक्या ढगासारखी एक्स-रेवर उमटते. म्हणजे एक्स-रेला बरेचदा चिरेपेक्षा तिची दुरुस्ती आधी कळते. तुम्हाला साडेतीन आठवडे झालेत, म्हणून एक्स-रे पुन्हा काढा. त्यातही काही नसेल आणि दुखणं तसंच असेल, तर एमआरआय. त्यात चीर पडायच्या आधीची हाडातली सूजही कळते. चौथ्या दिवशी ज्यांनी तपासलं त्यांनी एक्स-रे चुकीचा वाचला असं मी म्हणत नाही. पण "तीन आठवड्यांत थांबलं नाही तर परत या" हे वाक्य तुम्हाला मिळायला हवं होतं, आणि ते मिळालेलं दिसत नाही.

गंमत अशी, की हे दुखणं एक्स-रेच्या आधीपासून डॉक्टरांना ठाऊक आहे. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरानं लांब कूच करून आलेल्या सैनिकांची सुजलेली, दुखरी पावलं पाहून ठेवली होती. क्ष-किरण सापडले 1895 साली. त्यानंतर कळलं, की ती सूज म्हणजे चवड्यामागच्या लांब हाडांना गेलेले तडे होते. आजही त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. त्या सैनिकांच्या पायात पातळ जोडे नव्हते, बूटच होते. फक्त, न सरावलेला माणूस एकाएकी फार चालवला होता.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सोळा किलोमीटरचं नाही, "पोटऱ्या सुटल्या" हे आहे. तिथं तुम्ही फसलात, आणि सगळेच तिथं फसतात. जाड टाचेच्या जोड्यात तुम्ही टाचेवर उतरत होता. सोल पातळ झाला की टाच जमिनीवर आपटून पाहा, मेंदूच "नको" म्हणतो, आणि माणूस आपोआप चवड्यावर उतरायला लागतो. मग धक्का पोटरीनं, घोट्यामागच्या जाड दोरीसारख्या कंडरेनं आणि चवड्याच्या हाडांनी घ्यायचा. पोटरी हा स्नायू आहे. तो आठ दिवस बोंबलतो, मग शिकतो. हाड बोंबलत नाही आणि लवकर शिकतही नाही.

हाडावर नव्या प्रकारचा भार आला, की शरीर तिथं डागडुजी काढतं. घराची डागडुजी कशी चालते तसंच: आधी फोडणारे येतात, मग बांधणारे. फोडणाऱ्या पेशी जुनं, थकलेलं हाड पोखरून काढतात. याला तीनेक आठवडे लागतात. मग बांधणाऱ्या पेशी तिथं नवं हाड भरतात, आणि त्यांचं काम महिनोन्‌महिने चालतं. मधल्या काळात, म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पुढं, भिंत फोडलेली असते आणि गवंडी नुकताच पाटी घेऊन आलेला असतो. त्याच आठवड्यांत तुम्ही सहाचे आठ, आठाचे दहा आणि दहाचे सोळा केले. पाय तयार होऊन राहिला हे ग्रुपवाल्यांचं म्हणणं खरंच होतं हो. तयार होत होता म्हणूनच तो त्या वेळी सगळ्यात कच्चा होता.

हिशेब करून बघा. धावताना एका किलोमीटरला साधारण अकराशे पावलं पडतात, म्हणजे उजव्या पायाची साडेपाचशे. सोळा किलोमीटरला आठ हजार आठशे. दर पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार. त्यातला वाकवणारा ताण सगळ्यात जास्त कुठं येतो, तर अंगठ्याशेजारच्या बोटामागच्या लांब हाडावर. पावलाची सव्वीस हाडं असतात, पण हे एक अवघडलेलं असतं. आजूबाजूची थोडी हलतात. याचं मूळ मात्र मागच्या हाडांच्या खोबणीत घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे ते हलून सुटका करून घेऊ शकत नाही, वाकतं. आणि तसं ते सडपातळच. तुमचा गोल तिथंच किंवा त्याच्या शेजारच्यावर उमटला असेल.

हे एकट्या तुमच्या नशिबात आलंय असंही नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली एक अभ्यास छापला. 36 सरावाचे धावपटू घेतले, त्यातल्या 19 जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या जोड्यावर आणलं, आधी-नंतर पायाचे एमआरआय काढले. 19 पैकी 10 जणांच्या पावलातल्या हाडात सूज वाढलेली सापडली. हळूहळू जाऊनसुद्धा. तुम्ही तर पाच आठवड्यांत उरकलं.

तुमच्या सीनियरांचं मन मोडायचं नाही मला, कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे. चवड्यावर उतरलं की टाचेचा तो "धप्" असा पहिला धक्का लागत नाही, हे हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी 2010 साली मोजून दाखवलंय. पण त्यानं दुखापती कमी होतात हे त्या अभ्यासानं सिद्ध केलं नव्हतं. ते लोकांनी नंतर स्वतःच जोडून घेतलं. तुमचा गुडघा मस्त झाला हेही खरं. चवड्यावर उतरलं की गुडघ्याचा भार हलका होतोच. पण ओझं कुठं गेलं नाही, त्यानं फक्त खांदा बदलला. गुडघ्यावरचं पावलावर आलं, आणि पावलाला कुणी विचारलंच नव्हतं.

ग्रुपमध्ये अबेबे बिकिलाचं नाव निघालं असणारच. अनवाणीचा विषय आणि बिकिला नाही, असं होतच नाही. 1960 च्या रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन तो अनवाणी जिंकला, खरंय. पुढच्याच, 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकला तोच माणूस जोडे घालून धावला आणि रोमपेक्षा तीनेक मिनिटं कमी वेळात पोचला. हे कुणी सांगत नाही. आणि दुसरं ठरलेलं वाक्य: "आपले आजोबा कुठं जोडे घालत होते?" माझे आजोबा काटोलकडे संत्र्याच्या बागेत आयुष्यभर अनवाणी राबले. त्यांची टाच अशी होती की बाभळीचा काटा टोचला तर काटा मोडायचा. पण ते चालायला शिकले तेच अनवाणी, काळ्या मातीत. वर्षानुवर्षं ऑफिसच्या बुटात ठेवलेला पाय घेऊन एके दिवशी सकाळी साडेपाचला ते सिमेंट रोडवर सोळा किलोमीटर धावायला निघाले नव्हते. नवरात्रात कोराडीच्या देवीला अनवाणी चालत जाणाऱ्यांचेही पाय पुढच्या आठवड्यात माझ्याकडे येतात, एवढं सांगते आणि हा विषय सोडते.

नागपूरच्या सिमेंट रस्त्यांना मात्र फार शिव्या घालू नका. सहा वर्षं याच रस्त्यांवर धावलातच की. रस्ता जुनाच होता, उतरायची पद्धत नवी होती.

मग आता काय? डॉक्टर चीर आहे म्हणाले, तर बहुतेक चार ते आठ आठवडे हाडाला विश्रांती. प्लॅस्टर सहसा लागत नाही. कडक, न वाकणाऱ्या सोलचा जोडा किंवा चालायचा बूट देतात, म्हणजे चवडा वाकत नाही. घरातसुद्धा तो घालायचा, फरशीवर अनवाणी फिरायचं नाही. बायकोला हे वाक्य वाचून दाखवा, देवघरापुरती सूट मागून घ्या. एक अपवाद नीट लक्षात ठेवा: पेनाचा गोल करंगळीच्या बाजूला, पावलाच्या मध्यावर आला असेल, किंवा घोट्यासमोरच्या उंचवट्यावर, तर आठवडाभरही थांबू नका. त्या जागांचा रक्तपुरवठा बेताचा असतो, तिथली चीर सहजी जुळत नाही, कधी ऑपरेशन लागतं. करंगळीमागच्या हाडाच्या त्या प्रकाराला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. रॉबर्ट जोन्स यांनी 1902 साली ते लिहून ठेवलं, आणि पहिला पेशंट ते स्वतःच होते. नाचताना मोडलं होतं.

रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घ्या. उन्हाचा एवढा सुकाळ, मे महिन्यात पारा 45 च्या वर, तरी आपल्याकडे ते सर्रास कमी निघतं, कारण ऊन अंगावर कुणी घेतच नाही. तुम्ही धावता सूर्य उगवायच्या आधी आणि दिवस काढता एसीत. कमी निघालं तर डॉक्टर देतील ती मात्रा घ्या, मेडिकल स्टोअरवाल्याच्या सल्ल्यानं नको. साखरही बघून घ्या. चाळिशीनंतर पायाला बधिरपणा असेल तर अनवाणी हा शब्दच वहीतून खोडायचा, ही गोष्ट इतर वाचकांसाठीही. आणि दुखण्याची गोळी घेऊन धावायचं, हा प्रकार तुम्ही केला नसेल असं मी धरून चालते.

दम टिकवायचा तर पोहा. हात मारा, पायांच्या मध्ये फळी धरा, भिंतीला चवड्यानं ढकलून वळू नका. डॉक्टर हो म्हणाले आणि चवड्यावर जोर न देता जमलं तर स्थिर सायकल, पॅडल पायाच्या मध्यावर ठेवून. हे चालू ठेवलं तर छाती-फुप्फुसांची कमाई दीड-दोन महिन्यांत फार घसरत नाही. तुमची सहा वर्षं वाया जाणार नाहीत.

जानेवारीची हाफ मॅरेथॉन सोडा. पैसे गेले तर गेले. आधी दोन आठवडे दिवसभर चालून अजिबात न दुखलेलं पाऊल पाहिजे, त्या गोलावर जोरानं दाबलं तरी काही न वाटणारं. त्यानंतर माळ्यावरचे जुने जोडे उतरवा. सोल फार दबला असेल तर नवे घ्या, पण तशाच प्रकारचे. एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं, असं वीस-पंचवीस मिनिटं, एक दिवसाआड. गोल परत बोलला की दोन दिवस सुट्टी आणि एक पायरी मागं. हे पूर्ण अर्ध्या तासाच्या धावण्यापर्यंत यायला दीड-दोन महिने लागतील. त्यात रडायचं नाही.

आणि गुडघा? त्याच्यासाठी जोडा बदलायची गरज नव्हतीच. पावलं आखूड आणि जलद करा. मिनिटाला 160 पडत असतील तर 170. वेग तोच ठेवा. पाय शरीराच्या फार पुढं पडत नाही आणि गुडघ्यावरचा भार तेवढ्यानंही बराच उतरतो. जोडीला मांडीचे आणि कुल्ल्याचे व्यायाम आठवड्यातून तीनदा. ते हातात पाय घेऊनच शिकवावे लागतात, म्हणून इथं लिहीत नाही.

पाच बोटांचा जोडा फेकू नका, महागाचा आहे. पुढच्या पावसाळ्यानंतर, जुन्या जोड्यात चार-सहा महिने बिनतक्रार धावून झालं आणि तरीही हौस उरली असेल, तर काढा. आधी महिनाभर त्यात फक्त चाला. मग रविनगरच्या विद्यापीठाच्या मैदानावर, नेहमीचं धावणं संपल्यावर दोनशे मीटर. आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही. दोनशेचे चारशे करायला दोन आठवडे घ्या. तुमचे सीनियर हसतील. हसू द्या.

तोवर रविवारी ग्रुपमध्ये जात राहा, नाहीतर घरी बसून चिडचिड कराल आणि तिसऱ्या आठवड्यात गुपचूप जोडे चढवाल. फुटाळ्यावर पाण्याच्या बाटल्या धरायला कुणीतरी लागतंच. तर्री पोह्याला बंदी नाही. गाडी फक्त ठेल्याजवळ लावा, आणि दुसऱ्या एक्स-रेचा रिपोर्ट आला की कळवा, गोल नेमका कुठल्या बोटामागं होता तेही.